जन्मस्थान : देऊळगाव राजा

अमेरिकेत नातवाचा पहिला वाढदिवस आहे, म्हणून परवा व्हिसाचा अर्ज भरायला बसलो. म्हणजे संगणकावर बसला पुतण्या, मी नुसता उत्तरे देत होतो. जन्मस्थानाच्या रकान्यात त्याने पासपोर्ट बघून 'देऊळगाव राजा' टाकले आणि पुढे सरकला. मी मात्र तिथेच अडकलो. रीतीप्रमाणे तिथे 'जालना' असायला हवे होते. पहिले बाळंतपण माहेरी, आणि आईचे माहेर जालन्याचे.

जालना इथून तीसेक किलोमीटर. आज एसटीत बसले की तासाभरात पोचतो. पण आईचे लग्न झाले तेव्हा तो परमुलूख होता. आमचे गाव वऱ्हाडात, इंग्रजी अमलाखाली. जालना निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. गंमत अशी, की कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच. १८५३ च्या तहाने त्याने ते इंग्रजांच्या हवाली केले, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिले, आणि १९३६ पासून त्याचा थोरला मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घेऊ लागला. मालक एकच, तरी मध्ये करोडगिरीचा नाका!

त्या नाक्यावर तुम्ही कोण, किती दिवस राहणार, परत कधी जाणार, याच्याशी कारकुनाला कर्तव्य नसे. गाडीत काय आहे ते बघायचे आणि जकात घ्यायची. आई भावजयीसाठी नवे लुगडे घेई आणि ते स्वतःच नेसून नाका ओलांडी. अंगावरच्या लुगड्याला जकात कसली? पलीकडे गेले की पैसाही बदले. सात हाली रुपये म्हणजे आपले सहा कलदार. हा हिशोब तिला म्हातारपणीही तोंडपाठ होता.

माणसांची वाट अडली ती १९४७-४८ मध्ये, आणि तीही कुठल्या परवान्यावाचून नव्हे, रझाकारांच्या धास्तीने. पलीकडची कुटुंबे वऱ्हाडात आश्रयाला येत होती. अशा वेळी दिवस भरत आलेली सून छकड्यात घालून उलट्या दिशेला कोण पाठवणार? १९४८ च्या श्रावणात मी इथेच जन्मलो. बारसे आजीवाचून झाले. १३ सप्टेंबरला आपले सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि दसऱ्याच्या सुमारास आजी आली. त्या वर्षाविषयी आई फारसे बोलत नसे. आजीने पायावर पाणीसुद्धा न घेता मला उचलले, एवढेच मात्र पुन्हापुन्हा सांगे.

अर्जात आईची जन्मतारीखही विचारली होती. 'माहीत नाही' असे लिहायची सोय आहे म्हणून बरे. पाहुणा म्हणून जाणारा तिकडेच राहायला आलाय, असे अमेरिकेचा कायदा आधी धरूनच चालतो. तसे नाही हे आपण पटवायचे. पुतण्या म्हणतो, काका, सातबारा आणि पेन्शनचे कागद जवळ असू द्या. तीन एकर कोरडवाहू बघून मुंबईच्या खिडकीतला साहेब काय समजेल कोण जाणे. व्हिसा मिळाला तर बहुधा दहा वर्षांचा मिळतो म्हणे. आता या वयात दहा वर्षे!

मुलाखतीची तारीख वाढदिवसानंतरची मिळाली आहे. मुलाला फोनवर सांगितले, केक कापून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.