वेताळ, वाडा आणि गुप्तधन

भयकथेला आमच्या वाङ्मयव्यवहारात पंक्तीचे पान सहसा मिळत नाही. वाचनालयाच्या खिडकीशी तिला मागणी मोठी. परंतु वाङ्मयाच्या इतिहासात तिची बोळवण एखाद्या ओळीत होते. ह्या उपेक्षित प्रकारासाठी ज्यांनी उभे आयुष्य लेखणी झिजविली, त्या नारायण धारपांविषयी (१९२५–२००८) आणि त्यांच्या कथेतून पडद्यावर आलेल्या सृष्टीविषयी आज बोलावयाचे आहे. परभणी जिल्ह्यातील श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यात आमचा एक विशेष हेतू आहे. ज्या गुप्तधनाच्या लोभावर ‘तुंबाड’ हा चित्रपट उभा आहे, त्याच लोभापायी ह्या जिल्ह्यात खरे रक्त सांडलेले आहे. तेव्हा भीतीच्या गोष्टींचे कौतुक आपण कोणत्या तोंडाने करावे, हा प्रश्न आपणांस टाळता येणार नाही.

प्रथम थोडे मागे जाऊ. वेताळपंचविशी आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त ह्या कथेचा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. पैठणहून निघालेली हीच गोदावरी पुढे गंगाखेडास येते. तेव्हा हा वेताळ एका अर्थाने आपला शेजारीच म्हणावयाचा. आता ह्या कथेत भयंकर कोण, ते पाहा. प्रेतात शिरलेला वेताळ राजाला प्रश्न विचारून त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा घेतो आणि शेवटी त्याचे प्राण वाचवितो. घातकी निघतो तो साधूच्या वेषातील भिक्षू. सिद्धी आणि सत्ता मिळविण्यासाठी राजाचाच बळी देण्याचा त्याचा बेत असतो. भुतापेक्षा हव्यासाने आंधळा झालेला माणूस अधिक घातकी, हा निवाडा आमच्या जुन्या कथेने हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे.

धारपांच्या कथेचे बळ ह्याच निवाड्यात आहे, असे आमचे मत आहे. शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. त्यांची लेखनरीती पाहिली तर तीत आरडाओरडा कमी. नोकरीपेशाचा साधा माणूस, त्याचे बिऱ्हाड, एखादा जुना वाडा, अडगळीची खोली, अशा परिचित गोष्टींपासून ते आरंभ करतात आणि एकेक खिळा ढिला करीत नेतात. अमंगळ शक्तीलाही त्यांच्या सृष्टीत काही नियम असतात. आणि तिच्याशी झुंजणारा ‘समर्थ’ हा त्यांचा मानसपुत्र केवळ धाडसावर विसंबत नाही, तर आधी त्या शक्तीचा अभ्यास करतो.

धारपांवर उसनवारीचा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. ‘आजी’ ही कथाही किंग यांच्याच ‘ग्रामा’ ह्या कथेवरून आलेली. मात्र परक्या झाडाचे कलम आपल्या मातीत लावणे आणि ते जगविणे, हेही एक कसब आहे. अमेरिकेतील एकाकी घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी मराठी घरातील ‘आजी’ होते, तेव्हा भीतीची जातच पालटते. ज्या कुशीत निजावे तीच कुशी परकी वाटू लागते, आणि हा धक्का मराठी वाचकाला त्याच्याच घरात बसतो.

ही कथा पडद्यावर कशी आली, हाही एक लहानसा इतिहास आहे. राही अनिल बर्वे यांनी ती १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली. त्या रात्रीच्या भीतीतून उगवलेला ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. म्हणजे मध्ये पंचवीस वर्षे गेली. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या कादंबरीवरून घेतलेले. मात्र कथा अगदी निराळी: सोन्याचा हव्यास धरणारा हस्तर, जुना वाडा, आणि १९१८, १९३३ व १९४७ ह्या तीन टप्प्यांतून बापाकडून मुलाकडे उतरत जाणारी हाव. धारपांच्या आजीला चित्रपटाने लोभाचा पूर्वेतिहास दिला. मरणही येऊ नये इतकी ती शापित का झाली, ह्याचे उत्तर त्या वाड्यातील सोन्यात आहे. वेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा आरंभ ह्या चित्रपटाने झाला. येथे पहिल्या प्रदर्शनात त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला; परंतु १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमविला.

आता त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका लोकांपुढे आली. परभणी आणि पाथरी यांच्या दरम्यानचे मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. मराठवाडा १९७२ च्या दुष्काळात होरपळत असताना त्या गावात खून होऊ लागले, आणि १९७४ च्या आरंभापर्यंत ते सत्र चालले. बळी गेल्या त्या प्रामुख्याने लहान मुली आणि स्त्रिया. पिंपळाखालचे गुप्तधन हाती यावे म्हणून रक्ताचा नैवेद्य, असे तपासातून पुढे आले. तो तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर ही मालिका आधारलेली आहे. तत्पूर्वी, १९८१ साली, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून अमोल पालेकरांनी ‘आक्रित’ हा चित्रपट ह्याच हत्याकांडाच्या आधाराने काढला होता. त्या कथेत भूत नाही, माणसेच आहेत.

श्रोतेहो, येथे कोणी म्हणेल की असल्या गोष्टी वाचूनच लोक पिंपळाखाली खणू लागतात. ह्या आक्षेपाला हसून चालणार नाही. धारपांच्या सृष्टीत अमंगळ शक्ती खरी असते आणि तिच्यावरचे उतारेही लागू पडतात; हा त्यांच्या कथेचा कच्चा दुवा आहे. परंतु धारपांची गोष्ट वाचणारा मिटलेल्या पुस्तकाबरोबर भीतीही मिटवून ठेवतो, कारण ती गोष्ट आहे हे त्याला ठाऊक असते. मानवतला कोणी गोष्ट सांगितली नव्हती. तेथे ‘उपाय’ सांगितला गेला. वेताळाच्या कथेतील भिक्षूचेच ते काम. आणि अशा भिक्षूचे पुढे काय होते, हे तर भयकथाच सांगते. सोने घेऊन वाड्याबाहेर पडणारा विनायक श्रीमंत होतो; परंतु त्याचा मुलगा बापाहून अधिक हावरा निपजतो, आणि अखेर ती हाव बापालाच गिळते.

भिक्षूचा बंदोबस्त मात्र कथेने होत नाही. त्याला कायदा लागतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. गुप्तधनाच्या नावाने होणारे अघोरी प्रकारही त्याच्या कक्षेत येतात. मानवतच्या खुनांनंतर हे घडावयास चाळीस वर्षे जावी लागली.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. धारप अवश्य वाचावेत, ‘तुंबाड’ अवश्य पाहावा, आणि घरच्या मुलांनाही वयाप्रमाणे त्या गोष्टी सांगाव्यात. सांगताना भुताचे वर्णन थोडे कमी झाले तरी चालेल; परंतु वाड्यात सोने शोधीत शिरणाऱ्या माणसाचे काय झाले, तो भाग गाळू नये. आणि ‘मानवतला काय झाले होते?’ असे एखाद्या मुलाने विचारले, तर ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून विषय टाळू नये. त्या गावच्या मुलींच्या वाट्याला जे आले, ते ह्या जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे. आणि तो सांगण्याची जबाबदारी आपणा जिल्हावासीयांवरच येते.