बोलवायला माणूस नाही, क्षमा असावी

हाँगकाँगची जुन्या वळणाची लग्नपत्रिका लाल कागदाची, सोनेरी अक्षरांची. मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे सरकत जातो. आधी मुहूर्त, तोही दोनदा: एकदा इंग्रजी तारखेने आणि एकदा चिनी चांद्रतिथीने. मग वरवधूंची नावं. निमंत्रण आईवडिलांच्या नावे, आणि त्या नावांखाली ते वाकून नमस्कार करत असल्याचा उल्लेख. मग जेवणाच्या जागेचा पत्ता, समारंभाच्या दोन वेळा, आणि शेवटी बारीक टायपात चार अक्षरं. त्यांचा भावार्थ असा: ‘पुन्हा बोलवायला पाठवावा असा नोकर आमच्याकडे नाही, क्षमा असावी.’

आज ही ओळ कुणी थांबून वाचत नाही. छापखान्याच्या नमुन्यात ती असते, म्हणून पत्रिकेत येते. पण माझ्या मते सबंध पत्रिकेत सर्वांत जुनं असं काही असेल, तर ते या चार अक्षरांत आहे.

प्राचीन चीनच्या विधींचा ‘यी ली’ नावाचा ग्रंथ आहे. गावातल्या मानाच्या मद्यपानसोहळ्याला पाहुणे कसे बोलवायचे, हे त्यात बारकाईने सांगितलं आहे. यजमान आधी स्वतः पाहुण्याच्या दारी जाऊन आमंत्रण देतो. तिथे नमस्कार-प्रतिनमस्कार होतात, पाहुणा आढेवेढे घेतो, मग होकार देतो. सोहळ्याच्या दिवशी मांसाचा रस्सा शिजून तयार झाला की यजमान पुन्हा त्याच्या दारी जातो आणि ‘आता चला’ म्हणतो. या दुसऱ्या बोलावण्याला ‘सू’ म्हणत. ते आल्याशिवाय उठून जेवायला जाणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. ‘यी चिंग’ या त्याहून जुन्या ग्रंथात ‘सू’ न होता आलेल्या तीन पाहुण्यांचा उल्लेख आहे, आणि आगंतुकाला चिनी भाषेत आजही ‘सू न झालेला पाहुणा’ असंच म्हणतात. आपल्याकडेही आमंत्रण वेगळं आणि पानं मांडल्यावर आलेलं बोलावणं वेगळं होतं. ते दुसरं बोलावणं आलं नाही म्हणून रुसून घरी बसलेली माणसं जुन्या मराठी घरांना परकी नाहीत.

पुढे मोठ्या घरांतून यजमानाऐवजी नोकर जाऊ लागला. आणि जिथे तोही धाडणं जमेना, तिथे पहिल्या निमंत्रणातच दुसऱ्या बोलावण्याची माफी मागून ठेवायची पद्धत पडली. छापील पत्रिकेने माणसाची जागा घेतली खरी, पण आपण कुणाच्या जागी आलो आहोत हे ती लपवत नाही. म्हणून मला ती आवडते.

लग्नाच्या बाबतीत तर कागद फार उशिरा आला. ‘यी ली’तच लग्नाचे सहा विधी सांगितले आहेत: मागणी, मुलीचं नाव विचारणं, कौल शुभ आल्याचं कळवणं, ऐवज पाठवणं, मुहूर्त विचारणं आणि वराने स्वतः येऊन वधूला नेणं. ऐवजाचा विधी सोडला तर बाकी पाचांत भेट म्हणून रानहंस न्यायचा. तो ऋतूप्रमाणे ये-जा करतो, रांग मोडत नाही, असं कारण हान काळातल्या पंडितांनी दिलं आहे. ऐवज म्हणून काळं-तांबडं रेशीम आणि हरणाच्या कातड्यांची जोडी. मुहूर्ताचा विधी विशेष सुंदर आहे. तारीख मुलाकडच्यांनी आधीच काढलेली असते, तरी त्यांचा माणूस मुलीच्या वडिलांना ‘आपणच सांगावी’ अशी विनंती करतो. वडील नको म्हणतात, आणि मगच तो ती सांगतो.

सोंग राजवटीत मात्र कागद पुढे आलेला दिसतो. तेव्हाची राजधानी खायफंग शत्रूच्या हाती गेल्यावर मंग य्वानलाव याने तिच्या आठवणी लिहून काढल्या. त्यांना 1147 ची प्रस्तावना आहे. त्यात सोयरिकीची रीत येते: आधी कच्चं पत्र जायचं, दोन्ही घरांची संमती मिळाली की तपशिलाचं पत्र. त्यात तीन पिढ्यांची नावं, जमीनजुमला, सरकारी हुद्दे. आजच्या पत्रिकेवर जमीनजुमला नाही, पण निमंत्रक म्हणून वडीलधाऱ्यांचीच नावं येतात. लग्न दोन घराण्यांचं, हा आग्रह तसाच राहिला.

हाँगकाँगमध्ये हे सगळं एका गल्लीत छापलं जाई. वान चाय भागातली ली तुंग स्ट्रीट. 1950 च्या दशकापासून तिथे छोटे छापखाने गोळा झाले, आणि पुढे लग्नपत्रिका, पैशांची लाल पाकिटं, नववर्षाच्या लाल पट्ट्या हीच गल्लीची ओळख झाली. लोक तिला ‘हे थिप काय’, म्हणजे लग्नपत्रिकांची गल्ली, म्हणत. दुकानात नमुन्यांचे जाडजूड अल्बम असत. ड्रॅगन-फिनिक्स, किंवा आनंदाचं अक्षर दोनदा जोडून केलेलं जोडाक्षर आधीच उमटवलेली कोरी पत्रिका निवडायची आणि आपला मजकूर द्यायचा. सोनेरी अक्षरांना शाई नसते. धातूचा ठसा तापवतात, ठसा आणि कागद यांच्यामध्ये सोनेरी वर्खाची फीत येते, आणि दाब पडला की ठशाच्या आकाराचा वर्ख कागदावर चिकटतो. अशा पत्रिकेवरून बोट फिरवलं की अक्षर किंचित खोल लागतं.

मुद्रितं तपासताना चांद्रतिथी पंचांगाशी ताडून पाहावी लागे. पत्रिकेवरच्या त्या दोन वेळाही नीट बघाव्या लागत. पहिली वेळ यजमान स्वागताला उभे राहतात ती, दुसरी पानावर बसायची. दोहोंत तासन् तास असू शकतात, आणि तेवढा वेळ हॉलमध्ये माहजोंगचे डाव रंगतात. नवख्या पाहुण्याने पहिलीच वेळ जेवणाची धरली तर तो उपाशीपोटी दुसऱ्यांचे डाव बघत बसतो.

2003 मध्ये तिथल्या अर्बन रिन्यूअल ऑथॉरिटीने गल्लीच्या पुनर्विकासाची घोषणा केली. रहिवासी आणि दुकानदार हातावर हात ठेवून बसले नाहीत. गल्लीच्या मधल्या जुन्या इमारती राखून दोन्ही टोकांना नवं बांधकाम करावं, असा आराखडा त्यांनी स्वतः तयार करून घेतला. तो फेटाळला गेला, आणि 2007 च्या अखेरीस पाडकाम सुरू झालं. पुढच्या वर्षी गायिका के त्से हिचं या गल्लीच्या नावाचं कँटोनीज गाणं आलं आणि शहरभर गाजलं. आता तिथे उंच निवासी मनोरे आणि नटवलेली दुकानं आहेत. नव्या बाजारपेठेला लग्नाचीच कल्पना जोडली गेली, पण ज्यांच्या यंत्रांनी गल्लीचं नाव कमावलं होतं ते छापखाने विखुरले. हे टाळता आलं असतं. तसा आराखडा समोर होता.

विखुरलेल्यांपैकी काहींनी आसपासच्या रस्त्यांवर पुन्हा दुकान थाटलं. कामाचं स्वरूप बदललं आहे. बरीच जोडपी मित्रमंडळींना फोनवरच निमंत्रण धाडतात आणि छापील प्रती वडीलधाऱ्यांपुरत्या काढतात. त्या टपालाने पाठवत नाहीत, घरी जाऊन दोन्ही हातांनी देतात. मुलीकडची पत्रिका असेल तर सोबत लग्नाच्या मिठाईची कुपनं असतात. नातं जवळचं असेल तर कुपनं जास्त.