एक नाव, दोन जीव : सूक्ष्मजीव-समूहांच्या अभ्यासातील एक प्रकरण

रॉबर्ट कॉख यांनी इ. स. १८८१ साली घन माध्यमावर जीवाणूंच्या पृथक् वसाहती वाढविण्याची रीत मांडली. एका वसाहतीपासून एकाच जातीचे शुद्ध संवर्धन मिळू लागले आणि पुढील वर्षी कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. तेव्हापासून जीवाणूची जाती ठरवावयाची व तिला नाव द्यावयाचे, तर प्रथम शुद्ध संवर्धन हाती असले पाहिजे, असा दंडक पडला.

निसर्गात मात्र सूक्ष्मजीव एकाकी राहत नाहीत. सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घेतली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा काचेचा स्तंभ हा सूक्ष्मजीव-समूहाची प्रयोगशालेय प्रतिकृतीच होय. तळ्यातील चिखल, कागदाचे तुकडे व कॅल्शियम सल्फेट यांचे मिश्रण उंच पात्रात भरून, वर पाणी घालून ते उजेडात ठेवतात. काही आठवड्यांत त्यात रंगीत थर दिसू लागतात. तळाशी लोह-सल्फाइडाचा काळा थर, त्यावर गंधक-जीवाणूंचे हिरवे व जांभळे पट्टे आणि पृष्ठभागाजवळ ऑक्सिजन सोडणारे हरित जीव, अशी ही रचना असते. एका थराने टाकलेले द्रव्य दुसऱ्या थराचे अन्न होते.

या दोन दृष्टींमधील अंतर किती मोठे होते, हे पुढील प्रकरणावरून स्पष्ट होते. विनोग्राद्स्की यांचे सेंट पीटर्सबर्ग येथील सहकारी ओमेलियान्स्की यांनी इथाइल अल्कोहोलपासून मिथेन वायू होण्याच्या किण्वनाचा अभ्यास केला होता. कॅलिफोर्नियातील संशोधक बार्कर यांनी हे किण्वन करणारा जीवाणू वेगळा केल्याचे १९४० साली प्रसिद्ध केले आणि त्याला ओमेलियान्स्की यांचे नाव दिले. पुढे सत्तावीस वर्षे ही एकच जाती मानली गेली.

१९६७ साली ब्रायंट, वोलिन दांपत्य व वुल्फ यांनी दाखवून दिले की, हे संवर्धन एका जातीचे नसून दोन जातींच्या सहवासाचे आहे. त्यांपैकी ‘एस’ या अक्षराने निर्दिष्ट केलेला जीव अल्कोहोलचे अॅसिटेट करतो व हायड्रोजन सोडतो. परंतु तो हायड्रोजन साचला की त्याची स्वतःचीच वाढ खुंटते. दुसरा जीव अल्कोहोलला स्पर्शही करू शकत नाही. तो हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून मिथेन तयार करतो. पहिल्याचा अडथळा तेच दुसऱ्याचे अन्न. अल्कोहोलच्या माध्यमावर दोघे एकत्र असतील तेथेच जोमाची वाढ होई. त्यामुळे त्या माध्यमावर दोघांची फारकत होणे दुरापास्त होते. अल्कोहोल वगळून केवळ हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड पुरविले, तेव्हा दुसरा जीव एकटा वाढला आणि कोडे सुटले. पुढे दोघांना पुन्हा एकत्र वाढविले असता जुने किण्वन पूर्ववत् सुरू झाले. विश्लेषणाने काढलेला निष्कर्ष संयोजनाने पडताळण्याची ही रीत समूहांच्या अभ्यासात आजही आधारभूत आहे.

या शोधाने एक जातिनाम निरर्थक ठरले. नामकरणाचा नियम काटेकोर पाळूनही नाव खोटे ठरू शकते, कारण एकत्व हे वस्तूत आहे की निरीक्षणाच्या साधनात, याचा निर्णय नाव स्वतः करू शकत नाही. १९७७ साली वूस व फॉक्स यांनी मिथेन-जनक जीवांना जीवाणूंपासून सर्वस्वी भिन्न अशा गटात घातले. त्यांनाच आज आर्किया म्हणतात. म्हणजे एका नावाखाली नांदलेले हे दोन जीव जीवसृष्टीच्या दोन निराळ्या शाखांतले होते.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत परिचित असलेल्या गोबरवायूच्या टाकीतही हायड्रोजनाची अशीच देवघेव अखंड चालू असते. तेथील वायू कोणत्या जीवाने निर्माण केला, या प्रश्नाला एकवचनी उत्तर नाही.