दुचाकीचे मीटर : बिघाड व तपासणी

दुचाकीचा वेग, कापलेले अंतर व टाकीतील पेट्रोल दाखवणाऱ्या मीटरमधील दोष शोधण्याची रीत. कधी दोष मीटरचा नसून उन्हाचा असतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीपासूनच्या कडक उष्णतेच्या नऊ दिवसांत, उन्हात उभ्या गाडीचा एलसीडी पडदा काळा पडू शकतो. सावलीत तो पूर्ववत झाला, तर मीटर बदलण्याची घाई मुळीच करू नये.

सगळेच काटे एकदम थरथरत असतील, तर आधी बॅटरीची टोके, फ्यूज व अर्थिंग पाहावे. केबलवर चालणाऱ्या मीटरचा वेगकाटा आणि किलोमीटरचे आकडे एकाच वेळी थांबले, तर बहुधा केबल तुटलेली किंवा चाकाजवळील गिअरचे दाते झिजलेले असतात.

पेट्रोलचा काटा सर्वांत फसवा. टाकीतला फ्लोट पातळीबरोबर वरखाली होतो, त्याने विद्युतरोध बदलतो आणि काटा सरकतो. चावी बंद करून फ्लोटचा कनेक्टर सोडवावा, मल्टीमीटर लावावा व गाडी हलकेच डोलवावी. आकडा सलग न बदलता मध्येच तुटला, तर दोष फ्लोटच्या युनिटचा. नीट बदलला, तर वायर किंवा मीटरचा. पेट्रोलची वाफ सहज पेटते, म्हणून ही तपासणी इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या हवेतच करावी.