बाबराची खरबुजे

बाबराचे नाव निघाले की ‘बाबरनामा’तला एक उतारा हमखास पुढे केला जातो. हिंदुस्थान त्याला आवडला नाही, हे सांगणारा. इथे चांगले घोडे नाहीत, द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, बाजारात धड नान मिळत नाही, हमाम नाहीत, मेणबत्त्या नाहीत... अशी ती लांबलचक यादी. भाषणांत आणि टीव्हीवरच्या चर्चेत ती वाचून दाखवतात आणि पुस्तक तिथेच मिटतात. मग त्या यादीचा जाब इथल्या अशा मुसलमानाला विचारला जातो, ज्याच्या सात पिढ्यांनी समरकंद नकाशातसुद्धा पाहिलेले नाही. उतारा खरा आहे, त्यात वाद नाही. पण तो पानिपतनंतरच्या, १५२६ सालच्या, प्रसंगात येतो आणि पुस्तक त्यापुढे तीन वर्षे चालते.

यादी जरा निवांत वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यात राज्याची, महसुलाची तक्रार जवळपास नाही. उलट सोने-चांदी इथे मुबलक, कारागिरांना तोटा नाही, पावसाळ्यातली हवा उत्तम, हेही तो तिथेच नोंदवतो. तक्रार आहे ती भाकरतुकड्याची, पाण्याची, फळांची. आखातात पहिल्यांदा नोकरीला गेलेला आपल्या कोकणातला माणूस घरी फोन करून असेच काहीसे सांगतो.

बाबर फर्गान्यातल्या अंदिजानचा. जन्म १४८३चा, बाराव्या वर्षी गादीवर बसला. आत्मचरित्र त्याने चगताई तुर्कीत, म्हणजे आपल्या मातृभाषेत लिहिले. त्याच्या आरंभी वंशाच्या बढाया असतील असे वाटते, पण पहिल्या काही पानांतच फळबाजार भरलेला दिसतो. अंदिजानचे नासपती, अख्सीची खरबुजे, मर्गिलानची डाळिंबे. बी काढून आत बदाम भरलेले सुके जर्दाळू. तिथले रानकोंबडे इतके लठ्ठ की एकाच्या रश्शावर चौघे जेवतात तरी तो संपत नाही. कोणत्या गावची कोणती गोष्ट खावी, हे त्याला पक्के ठाऊक होते. ही गावे लढायांत हातची गेली, समरकंद जिंकले आणि पुन्हा गमावले. लिहिताना ती चव तेवढी त्याच्याजवळ उरली होती.

१५०४ साली काबूल मिळाले आणि तिथे हा माणूस खऱ्या अर्थाने माळी झाला. टेकड्यांवर लाला फुलतो, म्हणजे ट्यूलिप, तर त्याचे प्रकार त्याने मोजायला लावले. बत्तीस की तेहतीस भरले. त्यातल्या एकाला गुलाबाचा वास येतो, हीही नोंद आहे. आलुबालूची, म्हणजे आंबट चेरीची, कलमे आणवून लावली. अदीनापूरजवळ बाग-ए-वफा उभी केली आणि तिथे चक्क केळ लावली, ऊस लावला. इस्तालिफची एक बाग त्याच्या चुलत्याने, उलूग बेग मिर्झाने, लोकांकडून हिसकावून घेतली होती. बाबराने ती घेतली तेव्हा मूळ मालकांना तिची किंमत दिली. मधून वाहणारा ओढा वेडावाकडा होता, तोही सरळ करवून घेतला. त्याचे सौंदर्याचे वेड असे होते. पाणी वाहिले पाहिजे, पण आखलेल्या रेषेत.

आता हिंदुस्थान. इथली फळे त्याने एखाद्या परीक्षकासारखी तपासली. आंब्याला इथल्या फळांत पहिला नंबर दिला. पण चांगला आंबा फार थोडा मिळतो, लोक कच्चाच उतरवून घरात पिकवतात, आणि काही जण करतात तेवढी स्तुती काही त्याला झेपत नाही, असेही सुनावले. आंबा खायच्या दोन रीती त्याने लिहिल्या आहेत. एक सोलून. दुसरी म्हणजे हाताने मऊ करून, देठाकडे भोक पाडून चोखायची. पाचशे वर्षे झाली, आपल्या घरात अजून हेच चालते. फणस मात्र त्याला अजिबात रुचला नाही. दिसायला मेंढीच्या पोटासारखा आणि गोडी किळसवाणी, असा त्याचा निकाल आहे. कोकणी माणसाने त्याला माफ करावे. बरका-काप्यातला फरक सांगायला त्याच्याजवळ कोणी नसावे.

जेवणाबाबतही कुतूहल होते. हिंदुस्थानी पदार्थ चाखावेत म्हणून इब्राहिम लोदीच्या पन्नास-साठ खानसाम्यांतून चौघे त्याने ठेवून घेतले. डिसेंबर १५२६ मध्ये इब्राहिमच्या आईने त्यांच्यातल्याच एकाकरवी ताटात विष घालवले. बाबर ओकला म्हणून वाचला. गुन्हेगारांना त्याने दिलेल्या शिक्षा अंगावर काटा आणतात. तो संत नव्हता. १५१९ साली बाजौरात केलेली कत्तल आणि मुंडक्यांचा रचलेला मनोरा त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. लाला मोजणारा आणि मुंडकी रचणारा माणूस एकच, हे मान्य करूनच हे पुस्तक वाचावे लागते.

आग्र्यात बागेसाठी जागा शोधायला तो यमुनापार गेला, तेव्हा ती जमीन बघून त्याला शिसारी आली. दुसरी जागा मिळेना, म्हणून तिथेच काम सुरू केले. आधी मोठी विहीर, मग हौद, मग हमाम. इथल्या तीन गोष्टींनी तो हैराण होता, ऊन, वावटळ आणि धूळ. तिन्हींवर हमाम हाच त्याचा उतारा. वाफे आखले, गुलाब आणि नर्गिस लावली. ग्वाल्हेरला लाल कण्हेर दिसली, तिची रोपे आग्र्याला आणली. सोबतच्या सरदारांनीही नदीकाठी बागा केल्या. असे रेखीव काही पूर्वी न पाहिलेल्या आग्रेकरांनी त्या काठाला नाव दिले, काबूल.

पण मन तिकडेच होते. उन्हाळ्याला कंटाळून परत गेलेला त्याचा जुना सोबती ख्वाजा कलान काबूल-गझनीकडे होता. १५२९च्या फेब्रुवारीत त्याला लिहिलेल्या पत्रात बाबर सांगतो, की मध्यंतरी खरबूज आले, ते कापून खाताना त्याला रडू आवरेना. पत्रात मुलुखाच्या बंदोबस्ताच्या सूचना आहेत, आणि त्यातच हे.

त्याच वर्षी जूनची नोंद कोणी वाचून दाखवत नाही. आग्र्याच्या हश्त-बिहिश्त बागेत त्याने बल्खचा एक माळी खरबुजे लावायला ठेवला होता. त्या माळ्याने काही लहान पण झकास खरबुजे आणून दिली. बाबराने स्वतः लावलेल्या एक-दोन वेलींना द्राक्षेही चांगली धरली होती. शेख घूरन या हिंदुस्थानी सरदाराने आपल्याकडून द्राक्षांची एक टोपली धाडली, तीही बरी निघाली. हिंदुस्थानात खरबूज आणि द्राक्ष पिकले याचे केवढे समाधान झाले, ते त्याने लिहिले आहे. पुढे दीड वर्षाने, डिसेंबर १५३० मध्ये, तो आग्र्यातच वारला.

त्या यादीतली दोन नावे अशी त्याच्या हयातीत खोडली गेली. बर्फ राहिला होता. तो नातवाच्या, अकबराच्या, लाहोरच्या मुक्कामात उत्तरेच्या डोंगरांतून होड्यांनी येऊ लागला.