कुसुम (कोशिंब)
थंड प्रदेशातील मेपल वृक्षाच्या सॅपिंडेसी कुलातील भारतीय वृक्ष. शास्त्रीय नाव श्लायकेरा ओलिओसा. रिठा आणि लिचीही याच कुलातील. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात चोरखमारा हे नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार आहे. या भागातील पानझडी जंगलांत कुसुम आढळतो. फाल्गुन-चैत्रात त्याची कोवळी पालवी लालभडक असते. मेपल मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात सहसा तग धरत नाही. म्हणून बाग करणाऱ्याने पानांच्या लालीसाठी येथे कुसुमच निवडावा.

मेपलची बहुतेक मुळे मातीच्या वरच्या थरात आडवी पसरतात. कुसुमाचे रोप मात्र आधी सोटमूळ खोल नेते, त्यामुळे खोडाची वाढ सुरुवातीला फार संथ असते. लहान पिशवीत सोटमूळ वेटोळे घेते. म्हणून ताजे बी पावसाळ्यात थेट जागेवर पेरणे उत्तम. रोप लावल्यास मूळ व खोड यांचा सांधा जमिनीच्या पातळीवर ठेवावा, बुडाशी माती चढवू नये. विस्तार मोठा असल्याने झाड घराच्या भिंतीपासून निदान 8 ते 10 मीटर दूर हवे. फळांचा आंबट गर खातात. बियांपासून तेल निघते. या झाडावरील कुसुमी लाख सर्वोत्कृष्ट मानली जाते.