कंपनीतून सभासदाला हाकलता येतं का?

दिवाळीत जाफराबादला मामांकडे गेलो होतो. फराळ चालू असताना मामांनी एक कागद पुढे केला. "तू कंपनीत आहेस नं, वाच बरं हे." कंपनीत कोड लिहिणं आणि कंपनी कायदा यांचा काडीचा संबंध नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता... कागद एका शेतकरी उत्पादक कंपनीचा (नाव राहू द्या). मामांनी खत-बियाण्यांचं दुकान टाकलं, कंपनीही तेच विकते, म्हणून सभासदत्व रद्द. एका ओळीत विषय संपला!

"शेअर माझ्या नावावर आहेत. मला काढणारे हे कोण?"

पुण्याला आल्यावर दोन शनिवार यात घातले. प्रश्न शंभर वर्षं जुना निघाला.

१९२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन निकाल लागले. सिडबॉटम खटल्यात एक भागधारक कंपनीशी स्पर्धा करणारा धंदा करत होता. बहुमताने नियमावली बदलली, की स्पर्धकाने रास्त किमतीला शेअर विकून बाहेर पडायचं. अपील कोर्ट म्हणालं, चालेल, यात कंपनीचं हित आहे. दुसरा खटला वेल्समधल्या लॅनेली स्टीलचा. तिची भागधारक डॅफेन टिनप्लेट दुसरीकडून माल घ्यायला लागली. चिडून बहुमताने असा नियम केला की कोणत्याही सभासदाला शेअर विकायला लावता येतील. हा मात्र कोर्टाने उडवला. इतका मोकळा अधिकार कशाला?

आपलं सरकार जास्त कडक निघालं. १ नोव्हेंबर १९७५ च्या परिपत्रकात (क्र. ३२/७५) सांगून टाकलं, की संचालक मंडळाने सभासदाला काढण्याचा अधिकार नियमावलीत घालून घेतला तर तो बेकायदा. सहकारी संस्थांचं वेगळं. महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यात कलम ३५ प्रमाणे सभासदाला काढता येतं; पण सभेतल्या हजर सभासदांची तीन चतुर्थांश मतं हवीत, त्याचं म्हणणं ऐकायला हवं आणि वर निबंधकाची मंजुरी.

शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे या दोन झाडांचं कलम. अलघ समितीच्या शिफारशींनंतर २००२ मध्ये कायदा झाला, २००३ पासून लागू. २०२१ पासून त्या तरतुदी २०१३ च्या कंपनी कायद्यात आहेत. आणि यात सिडबॉटम परत भेटतो! कंपनीच्या धंद्याशी हितसंबंध आड येणारा धंदा सभासदाने धरला तर त्याचं सभासदत्व जातं आणि त्याला नियमावलीप्रमाणे काढायचं असतं. म्हणजे मामांची बाजू तशी लंगडीच. पण पात्रता गेली म्हणून शेअर परत घ्यायचे तर आधी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. गंमत म्हणजे निबंधकाची मंजुरी इथे गळली आहे. सोसायटीत ठराव अंमलात येण्याआधी कुणीतरी तपासतं. इथे काढल्यानंतर ज्याचं त्याने भांडायचं.

भांडायचं कुठे? असे वाद सलोख्याने किंवा लवादापुढे मिटवायचे असं कायदाच म्हणतो, माजी सभासदालाही. रजिस्टरमधून नाव विनाकारण उडवलं असेल तर कलम ५९ खाली मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. म्हणजे जालन्याहून देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर. दडपशाहीची तक्रार (कलम २४१) एकट्याने होत नाही. शंभर सभासद, किंवा एक दशांश सभासद, किंवा दहा टक्के भांडवल, यातलं काहीतरी लागतं. टाटा सन्सचे अठरा टक्के साधे शेअर असूनही मिस्त्रींच्या कंपन्या इथेच अडकल्या होत्या, कारण प्रेफरन्स शेअर धरले की टक्का दहाच्या खाली येत होता. २०१७ मध्ये अपिलात सूट मिळाली. टाटा सन्सच्या नियमावलीत तर कलम ७५ आहे, विशेष ठरावाने कोणालाही शेअर विकायला लावणारं. डॅफेनच्या निकालाची आठवण होते. पण मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं.

असो. मामांना फोन केला.

"या कागदाच्या आधी नोटीस आली होती का?"

"नाही बा. डायरेक्ट हाच."

"मग आधी नियमावलीची प्रत मागा, रजिस्टर पोस्टाने. आणि मामा, दुकानाचं काय?"

"दुकान तर चालू राहणार," म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.